डहाणूची कुळे आणि बेदखलीचा कायदा

मुंबईहून अहमदाबादेस जाणारा हमरस्ता चारोटीचा नाका मागे टाकून विवळवेढ्याच्या शिवारात येतो. तेथील महालक्ष्मीच्या गडावर जव्हारच्या मुकणे संस्थानिकांच्या मानाचा झेंडा चढतो, आणि चैत्री पौर्णिमेपासून पुढे पंधरा दिवस डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड आणि सीमेपलीकडील उंबरगाव या टापूंतील वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा अशा सर्व जमातींचे लोक देवीच्या पायाशी लोटतात. शेतीचे एक वर्ष तेव्हा हातावेगळे झालेले असते आणि दुसऱ्या वर्षासाठी राब भाजण्याची लगबग चाललेली असते. ज्या काळाची ही हकीगत आहे त्या काळी जत्रेला येणाऱ्या कितीतरी कुटुंबांना, येत्या मृगात आपण याच शेतात नांगर धरणार की नाही हे ठाऊक नसे, कारण ते ठरविण्याचा अधिकार व्यवहारात जमीनमालक शेठच्या मर्जीकडे होता. कुळाला शेतावरून केव्हा, कोणत्या कारणासाठी आणि कोणाच्या हुकमाने उठविता येते, या प्रश्नाला इंग्रजी अमदानीतही कायद्याने उत्तर दिलेले होते आणि स्वराज्यात तर ते अतिशय विस्ताराने दिले गेले. परंतु डहाणू आणि उंबरगाव या दोन तालुक्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे माझी अशी खात्री होते, की कुळाचे भवितव्य कायद्याच्या कलमापेक्षा पुराव्यावर ठरत आले. जमीन मी कसतो, हे सिद्ध करणारा कागद कोणाच्या पेटीत आहे, आणि कागद नसेल तर तोंडाने सांगण्याची छाती कुळापाशी आहे की नाही, या दोनच गोष्टींनी निवाडे झाले.

मुळात हे लोक कूळ झाले कसे, हे प्रथम पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या जंगलपट्टीतला वारली दळीची शेती करीत असे. डोंगरउतारावरचा पाला-फांद्या तोडून जाळाव्यात, राखेत नाचणी-वरी पेरावी आणि दोनतीन वर्षांनी जागा बदलावी, अशी ती रीत होती. ब्रिटिश सरकारने रयतवारीची मोजणी आणली, शेतांना नंबर पडले, सारा रोकड झाला. १८६४ मध्ये मुंबई-सुरत लोहमार्ग पुरा झाला आणि डहाणूच्या बाजूचे लाकूड व गवत मुंबईच्या बाजारात जाऊ लागले. त्याबरोबर जमिनीला व जंगलाला पैशात किंमत आली आणि ती किंमत ओळखणारे व्यापारी, सावकार, मद्यविक्रीचे मक्तेदार या भागात स्थायिक झाले. १८७८ साली एकाच वर्षी दोन कायदे आले: जंगलाच्या कायद्याने राखीव वनात दळी करणे बंद झाले, आणि अबकारीच्या कायद्याने मोहाची दारू घरी गाळणे गुन्हा ठरले. जी वस्तू हा माणूस स्वतः निर्माण करीत असे ती त्याला गुत्त्यावर उधारीने घ्यावी लागली, आणि सारा भरण्यासाठी जो रोकडा हवा तो सावकारापाशीच मिळू लागला. कर्जापोटी जमीन गेली; परंतु जमीन घेणाऱ्याला नांगर धरता येत नव्हता, म्हणून कालचा खातेदार आज त्याच शेतात कूळ म्हणून राहिला. पुणे आणि नगर या जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हा सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. उत्तर कोकणातल्या वारल्याने वही जाळली नव्हती, म्हणून त्या कायद्याच्या कक्षेत तो नव्हता.

त्याच १८७९ सालच्या जमीनमहसुलाच्या कायद्यात मात्र कुळाविषयी दोन कलमे होती आणि वाचणाऱ्याला ती न्याय्यच वाटावीत अशी होती. वार्षिक कूळवहिवाट संपवायची असेल तर मालकाने कुळाला, किंवा कुळाने मालकाला, वर्ष संपण्यापूर्वी निदान तीन महिने लेखी नोटीस दिली पाहिजे, असे एक कलम सांगे. वहिवाट इतकी जुनी असेल की तिचा आरंभ केव्हा झाला याचा पुरावाच उरलेला नाही, तर मालकाचा हक्क चालेल तोवर कुळाचीही वहिवाट चालेल असे गृहीत धरावे, असे दुसरे कलम सांगे. आता विचार करा: लेखी नोटीस कोणाला द्यायची, तर ज्याच्या साऱ्या पाड्यात अक्षर वाचणारा मनुष्य नाही त्याला, आणि जुनी वहिवाट कोणी शाबीत करायची, तर ज्याला मालकाने कधी खंडाची पावती दिली नाही त्याने. उलट खंड थकला तर वसुलीसाठी महसूल खात्याची मदत मागण्याची सोय त्याच कायद्याने मालकाला दिली होती. मामलेदाराच्या कचेरीचा रस्ता अशा रीतीने एकाच बाजूने वाहता राहिला.

कुळाची बांधिलकी प्रत्यक्षात कशी चाले, हे समजण्यासाठी कार्तिक-मार्गशीर्षातले भाताचे खळे डोळ्यांपुढे आणावे. मळणी झालेली आहे, भाताची रास पडली आहे आणि मालकाचा दिवाणजी आपले माप घेऊन राशीजवळ बसला आहे. प्रथम तो खंड मोजून घेतो. तो मक्त्याने ठरलेला असेल तर ठरीव मण, अर्धेलीने असेल तर अर्धी रास. मग पावसाळ्यात दिलेल्या खावटीचा हिशेब निघतो. खावटी म्हणजे पेरणीपासून कापणीपर्यंत पोट भरण्यासाठी उसने घेतलेले धान्य. ते चारपाच महिन्यांनी दीडपट करून परत करायचे असते. मग बियाण्याचे भात, तेही वाढीसह. मोजणारा एकच, माप त्याचे, वही त्याची, आणि समोर हात जोडून उभा असलेला मनुष्य वहीत काय लिहिले गेले ते वाचू न शकणारा. राशीच्या तळाशी जे उरे ते माघ-फाल्गुनापर्यंत जेमतेम पुरे, आणि पुढच्या ज्येष्ठात तोच माणूस पुन्हा त्याच दारात खावटी मागण्यास उभा राही. याच्या जोडीला वेठ होती. मालकाचा बोलावणेकरी पाड्यावर आला की आपल्या शेतातली लावणी तशीच टाकून त्याच्या शेतात, त्याच्या गवताच्या वखारीवर, त्याच्या जंगलतोडीवर जावे लागे; मोबदला म्हणजे काही नाही, किंवा मूठभर भात, किंवा फार तर एखादा आणा. लग्नासाठी ज्याने कर्ज काढले त्याची अवस्था याहूनही कठीण होती. तो आणि त्याची बायको दोघेही त्या कर्जापोटी मालकाच्या घरी राबत, आणि लग्नगडी या नावाने ओळखली जाणारी ही माणसे उभ्या आयुष्यात त्या कर्जातून सुटत नसत.

वेठीला नकार देणाऱ्याला मारहाण होई हे खरे, पण प्रत्येक वेळी मारहाणीची गरज नसे. जमीन काढून घेईन, एवढा शब्द पुरे होई. जमीन गेली म्हणजे खावटी गेली. आणि झोपडीही बहुधा मालकाच्याच जागेत असल्यामुळे डोक्यावरचे छप्परही गेले. नोटीस, तीन महिन्यांची मुदत, मामलेदार यांपैकी कशाचीही वाट न पाहता एका सकाळी दुसऱ्याचा नांगर शेतात उतरे आणि बेदखली पुरी होई. दप्तरात तिची नोंद होत नसे, कारण कूळ होते ही नोंदच नव्हती.

१९३७ साली मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई महसूलमंत्री होते. त्याच वर्षी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात मांडले, आणि ज्यांचे नाव पुढे डहाणू-उंबरगावशी कायमचे जोडले जायचे होते ते शामराव परुळेकर त्या वेळी आंबेडकरांच्याच स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कायदेमंडळात बसत होते. आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारने सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक केली. या गृहस्थांचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेठ, खावटीचे व्याज, लग्नगड्यांचे दास्य, मालकांची दांडगाई हे सर्व त्यात सरकारी भाषेत, परंतु कोणतीही भीडभाड न ठेवता नोंदलेले आहे. चळवळ्यांनी जे पुढे व्यासपीठावरून सांगितले ते त्यांच्या आधी सरकारच्याच दप्तरात लिहिले गेले होते, हे विसरता कामा नये.

१९३९ चा मुंबई कूळ कायदा हे या मंत्रिमंडळाचे अपत्य. १ जानेवारी १९३८ पूर्वी लागोपाठ सहा वर्षे जो जमीन कसत आला असेल तो संरक्षित कूळ ठरेल, आणि खंड थकविणे, जमिनीची नासाडी करणे, पोटकूळ घालणे अशा नेमक्या कारणांवाचून किंवा मालकाला स्वतः कसण्यासाठी जमीन हवी असल्यावाचून त्याला काढता येणार नाही, असे त्याने प्रथमच ठरविले. आयर्लंडमध्ये ग्लॅडस्टन यांनी १८८१ च्या कायद्याने वाजवी खंड आणि वहिवाटीची शाश्वती दिली, बंगालमध्ये १८८५ च्या कायद्याने जुन्या रयतेला स्थैर्य दिले; मुंबई इलाख्याला तेथवर पोहोचायला अर्धशतक लागले. तेही अर्धवटच, कारण महायुद्ध सुरू होऊन १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि सुरुवातीस निवडक जिल्ह्यांपुरताच लागू झालेला हा कायदा साऱ्या प्रांताला लागू होण्यास १९४६ साल उजाडले. डहाणूकडच्या कुळाने सहा वर्षांची वहिवाट कशाने शाबीत करावी, याचे उत्तर या कायद्याजवळही नव्हते. सहाच काय, त्याच्या तीन पिढ्या त्या शेतात गेलेल्या असत. पण तलाठ्याच्या पीकपाहणीत कसणारा म्हणून मालकाचेच नाव असे.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र प्रांतिक किसान सभेचे अधिवेशन भरले. उंबरगाव तालुक्यातले काही वारली तेथे गेले होते. त्यांतील माह्या धांगडा व्यासपीठावर उभा राहून आपल्या लोकांची हकीगत सांगू लागला, आणि हजारो परक्या माणसांसमोर एका वारल्याने शेठविरुद्ध तोंड उघडले ही गोष्टच अपूर्व होती. पुढे शामरावांच्या पत्नी गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या. त्या भागातील लोक त्यांना गोदाराणी म्हणू लागले, आणि त्या दिवसांचा वृत्तांत त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहून ठेवला आहे. १९७२ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक त्याला मिळाले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे परिषद झाली. आज तलासरी तालुक्यात असलेले हे गाव त्या वेळी उंबरगाव तालुक्यात मोडे. वेठ करायची नाही, मालकाच्या खाजगी शेतावर दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्यावाचून जायचे नाही, कोणी मारले तर एकजुटीने उभे राहायचे, असे निश्चय तेथे झाले. त्यानंतर थोड्या आठवड्यांत वारली जमावाने मालकांच्या दारी गेले आणि लग्नगड्यांना मोकळे करून घेऊन आले. त्यासाठी त्यांनी कोणत्याही कोर्टाचा हुकूम आणला नव्हता. बंधनासाठी तरी कोणता हुकूम होता?

या चळवळीचा आरंभ वेठ आणि मजुरी यांपासून झाला, जमिनीच्या मालकीपासून नव्हे, याचे मर्म मला फार मोठे वाटते. ज्याला वेठीच्या हाकेला नाही म्हणता येत नाही त्याला कूळ म्हणून संरक्षण देऊन काय साधणार? खळ्यावर आपले माप मागण्याचे, पावती मागण्याचे, मामलेदारासमोर उभे राहून मी कसतो हे सांगण्याचे धैर्य आधी यावे लागते, आणि ते धैर्य वेठीच्या नकारातून आले. त्याची किंमतही लगोलग द्यावी लागली. १९४५ च्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा हंगाम आला तेव्हा पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा लावायचा नाही असा संप सुरू झाला. १० ऑक्टोबरला उंबरगाव तालुक्यातील तलवाड्याला हजारो वारली जमले असता पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मृत्यू पावले, आणि त्यांतील जेठ्या गांगड याचे नाव आजही तलासरीच्या सभांतून घेतले जाते. परुळेकर पतिपत्नींना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. १९४६ मध्ये पुन्हा लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, मोरारजीभाई गृहमंत्री झाले, पण हद्दपारीचे शस्त्र म्यान झाले नाही. जानेवारी १९४७ मध्ये नाणिवलीला पुन्हा गोळी चालली. ज्या मंत्रिमंडळाने कूळ कायदा केला त्याच मंत्रिमंडळाच्या पोलिसांनी कुळांवर गोळ्या झाडाव्यात, हे दुःख सांगताना आजही लेखणी जड होते.

परंतु वेठ त्या दोन वर्षांत गेली ती कायमची गेली. आणि २८ डिसेंबर १९४८ रोजी नवा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा अमलात आला, त्यात या लढ्याची खूण स्पष्ट दिसते. कोणतीही कूळवहिवाट दहा वर्षांपेक्षा कमी मुदतीची असणार नाही. कोरडवाहू जमिनीचा खंड उत्पन्नाच्या एक-तृतीयांशाहून व बागायतीचा एक-चतुर्थांशाहून अधिक घेता येणार नाही. खंडाव्यतिरिक्त कोणताही कर, पट्टी किंवा चाकरी कुळाकडून घेणे बेकायदा. खंड मिळाला की लेखी पावती दिलीच पाहिजे. खंड थकला तर तीन महिन्यांची नोटीस, आणि नोटिशीनंतरही मामलेदाराने कुळाला थकबाकी भरण्याची संधी द्यायची. मालकाने स्वतः जाऊन जमिनीचा ताबा घ्यायचा नाही. मामलेदाराचा हुकूम हवाच. खळ्यावरच्या दिवाणजीची एकेक लकब पाहून कोणी हा मसुदा लिहिला असावा, इतका तो या प्रदेशाला चपखल बसतो.

त्याच सुमारास, म्हणजे १३ फेब्रुवारी १९४८ पासून, मुंबई शहरातल्या भाडेकरूसाठी भाडेनियंत्रणाचा कायदा सुरू झाला होता. प्रमाणभूत भाडे देत असलेल्या भाडेकरूला घराबाहेर काढता येणार नाही, हे त्याचे सूत्र. गिरगावच्या चाळीत दोन खोल्यांत राहणाऱ्या कारकुनाने तो कायदा लगेच आपलासा केला, कारण भाड्याच्या पावत्या त्याच्या ट्रंकेत क्रमवार लावून ठेवलेल्या असत, वर्तमानपत्र त्याच्या हाती होते आणि चाळीतच कोणी वकिली करणारा असे. दोन्ही कायद्यांचे तत्त्व एकच, वर्षही जवळजवळ एकच. मुंबईच्या भाडेकरूची खोली मात्र पिढ्यान् पिढ्या त्याच्याकडे राहिली, आणि डहाणूच्या कुळाला आपले कूळपण सिद्ध करण्यासाठी आणखी एक आयुष्य घालवावे लागले.

१९४८ च्या कूळ कायद्यातले एक कलम मला सर्वांत अधिक मोलाचे वाटते, आणि त्याची चर्चा फारच थोडी होते. ते कलम १६. मालकाच्या जागेवर कुळाने स्वतःच्या किंवा पूर्वजांच्या खर्चाने घर बांधलेले असेल तर त्या घरातून त्याला काढता येणार नाही, आणि पुढच्या कलमाप्रमाणे घराखालची जागा मालकाला विकायची झाली तर ती विकत घेण्याचा पहिला हक्क कुळाचा. वारल्याचे घर म्हणजे काय असते? कारवीच्या काठ्यांचे कूड, वर शेणामातीचा लेप, सागाचे किंवा ऐनाचे मेढे, वर पेंढा. त्याला बांधकामाचा खर्च दाखविणारी पावती कोठून असणार? काठ्या रानातल्या, मेहनत घरच्या माणसांची, मदत पाड्याची. तरीही हे कूड कायद्याने घर मानले आणि शेत गेले तरी छप्पर राहील अशी तजवीज केली. जमीन काढून घेण्याच्या धमकीतली अर्धी दहशत बेघर होण्याची होती. ती या कलमाने मोडली.

मालकांनाही कायदा वाचता येत होता, आणि त्यांना त्यातली फट सापडली ती कलम १५ मध्ये. कुळाने आपखुशीने जमीन सोडली तर वहिवाट संपते, असे ते कलम होते. सोडचिठ्ठी लेखी पाहिजे आणि मामलेदाराने तिची पडताळणी केली पाहिजे, असा निर्बंधही त्यातच होता. मग राजीनाम्यांचे पेव फुटले. अक्कलहुशारीने, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता मी ही जमीन मालकास परत देत आहे, अशा साच्यातला मजकूर, खाली निशाणी डाव्या अंगठ्याची, आणि बाजूला दोन साक्षीदार, तेही बहुधा मालकाच्याच पदरचे. ज्याच्या पोटाला त्या शेताखेरीज दुसरा आधार नाही तो ते आपखुशीने सोडील कसा, हा प्रश्न पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याला पडायला हवा होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने या स्वेच्छेच्या राजीनाम्यांवर बोट ठेवले, आणि कायद्याने दिलेले संरक्षण प्रत्यक्षात कुळापर्यंत पोहोचले नाही हा निष्कर्ष प्रांतभरच्या गावांच्या पाहणीवरून काढला. जुन्या काळी बेदखलीची नोंद होत नसे; आता ती कुळाच्याच अंगठ्याने होऊ लागली.

१९५६ च्या दुरुस्तीने सरकारने यावर मोठा उपाय केला. कसेल त्याची जमीन हे जे घोषवाक्य सभांतून ऐकू येत होते ते कायद्यात आले: १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे कृषकदिनी, जमीन कसणारे प्रत्येक कूळ त्या जमिनीचे खरेदीदार मानले जाईल. त्याआधी ज्या मालकाला स्वतः कसण्यासाठी जमीन हवी असेल त्याने ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत नोटीस द्यावी व ३१ मार्च १९५७ पर्यंत मामलेदाराकडे अर्ज करावा, आणि तरीही निम्मी जमीन कुळाकडे राहिलीच पाहिजे. विधवा, अज्ञान मुले, अपंग यांच्या जमिनींपुरती ही खरेदी पुढे ढकलण्यात आली. ती सवलत योग्यच होती, कारण प्रत्येक मालक शेकडो एकरांचा शेठ नसतो. नवरा गेल्यावर चार एकर खंडाने लावून त्यावर पोरे वाढविणारी बाईदेखील कायद्याच्या भाषेत जमीनमालकच होती, आणि तिची बाजू ज्यांना दिसली नाही अशा पुढाऱ्यांशी माझा मतभेद आहे. मोठ्या मालकांनी मात्र ही दुरुस्ती घटनाबाह्य आहे असा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि १९५८ मध्ये तो फेटाळला गेला.

खरेदीदार मानले जाणे आणि खरेदीदार होणे यांत कलम ३२ ग उभे होते. शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून बसलेला अधिकारी कुळाला नोटीस काढणार. कुळाने ठरलेल्या दिवशी हजर होऊन जमीन घेण्याची तयारी आहे असे सांगायचे. मग आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, वीसपटीपासून दोनशेपटीपर्यंत किंमत ठरणार, ती वार्षिक हप्त्यांनी फेडायची आणि शेवटी ३२ म चे प्रमाणपत्र मिळायचे. कूळ हजर राहिले नाही, किंवा घ्यायची नाही म्हणाले, तर खरेदी निष्फळ. एका नोटिशीचा प्रवास पाहा. कचेरी तालुक्याच्या गावी, कुळाचा पाडा जंगलात सातआठ कोसांवर, नोटीस येते ती भातलावणीच्या आषाढात, ती वाचून दाखविणारा एकच आणि तो शेठचा कारकून. नको म्हण, सरकार पैसे मागेल, खावटीला कोठे जाशील, असे तो सांगणार. ज्या पाड्यांत किसान सभेची, म्हणजे लाल बावट्याची, समिती होती तेथून माणसे जथ्याने तारखेला गेली, आपली नावे लावून घेऊन आली. जेथे ती नव्हती तेथे कायदा आला आणि गेला. पुढे दुरुस्ती होऊन अशा कुळांना आणखी एक संधी देण्यात आली, यावरूनच पहिल्या संधीत किती जण गळाले हे ध्यानात यावे. शामराव १९५७ मध्ये ठाणे जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले. ऑगस्ट १९६५ मध्ये स्थानबद्धतेत असताना त्यांचा अंत झाला. गोदावरीबाई १९९६ पर्यंत होत्या.

ज्यांच्या नावावर जमीन लागली त्यांच्याकडूनही ती नाना मार्गांनी पुन्हा बाहेर जाऊ लागली, तेव्हा महाराष्ट्राने १९७४ चा जमीन प्रत्यार्पणाचा कायदा केला. १ नोव्हेंबर १९७५ पासून तो अमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगरआदिवासीकडे गेलेली जमीन, मूळ आदिवासी ती स्वतः कसणार असेल तर, आकाराच्या अठ्ठेचाळीसपट रक्कम व सुधारणांचे मूल्य घेऊन परत द्यावी, असा तो होता. कृषकदिनाची तारीख तेथे सीमारेषा म्हणून आली हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाही कायदा वैध ठरविला.

परंतु या सर्व कायद्यांच्या बाहेर एक मोठा जमीनमालक राहिला होता, आणि तो म्हणजे सरकार. कूळ कायद्याच्या कलम ८८ ने सरकारी जमिनींना त्या संरक्षणातून वगळले आहे. डहाणू-तलासरीतल्या हजारो कुटुंबांचे पोट ज्या जंगलातल्या तुकड्यांवर चाले ते तुकडे वनखात्याने एकेका वर्षासाठी दिलेले असत, आणि लोक त्यांना एकसाली म्हणत. एका वर्षाची मुदत संपली की कसणारा अतिक्रमणदार; गार्डाने पीक तुडवावे, नांगर जप्त करावा, दंडाची पावती फाडावी. खाजगी मालकाला दहा वर्षांच्या आत कूळ उठविता येणार नाही असे ज्या सरकारने बजावले, त्याच सरकारने आपल्या स्वतःच्या कुळाला पिढ्यान् पिढ्या एका पावसाळ्याच्या मुदतीवर ठेवले. शेठच्या अन्यायाविरुद्ध मामलेदाराकडे तरी जाता येत होते. येथे तक्रार ज्याच्याविरुद्ध त्याच्याकडेच न्याय मागायचा होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे बदलले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत आहे त्याचा चार हेक्टरांपर्यंतचा हक्क मान्य करायचा, पट्टा नवराबायको दोघांच्या नावे द्यायचा, आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणालाही त्या जमिनीवरून हुसकावायचे नाही. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने खरी क्रांती झाली ती २००८ च्या नियमांत. दंडाची जुनी पावती, वनखात्याचा पंचनामा, शेतातला बांध, विहीर, पूर्वजांचे दफनस्थान हे सारे तेथे पुरावा ठरले. आणि दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्या माणसाने जे सांगितले ते लिहून घेतले म्हणजे तोही पुरावा ठरला. ज्या पावतीने गार्डाने एकेकाळी एकसालीवाल्याला गुन्हेगार ठरविले होते तीच पावती आता त्याच्या वहिवाटीची साक्ष देऊ लागली. १८७९ पासून ज्या जुन्या वहिवाटीचा आरंभ कोणालाच दाखविता येत नव्हता ती सांगण्याचा अधिकार पाड्यातल्या म्हाताऱ्याला आणि ती ऐकून ठराव करण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला.

दावे मात्र ग्रामसभेवर थांबत नाहीत. ते उपविभागीय व जिल्हा समित्यांकडे जातात, आणि तेथे पुराव्याअभावी असा शेरा मारून ते देशभर लाखोंच्या संख्येने नामंजूर झाले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा नामंजूर दावेदारांना जमिनीवरून काढण्याविषयी राज्यांना आदेश दिला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्याने तो स्वतःच स्थगित केला, आणि दावा फेटाळण्यापूर्वी दावेदार आदिवासीला आपला पुरावा मांडण्याची संधी दिली होती काय, याचे उत्तर प्रतिज्ञापत्रावर देण्यास राज्य सरकारांना फर्मावले.